बरकत, दोन, तीन

फकरोद्दीन मापाड्यांचा आवाज एके काळी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. सोयाबीनचा हंगाम असो की तुरीचा, हमालांचा आरडाओरडा चालू असो, ट्रॅक्टर फुरफुरत असोत, त्यांनी काट्यावर पोतं चढवून आकडा पुकारला की आडतीच्या ओट्यावर चहा पीत बसलेल्या शेतकऱ्याला तो बसल्या जागी स्पष्ट ऐकू यायचा. एक्केचाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. त्यात किती पोती मोजली ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मोंढ्यातला कुणीही जुना माणूस छातीवर हात ठेवून सांगेल. पहिला दिवस सोडला तर राशीसमोर उभं राहून त्यांनी ‘एक’ हा आकडा कधी तोंडातून काढला नाही.

पहिलं पोतं म्हणजे बरकत. मग दोन, तीन, चार. हिंदू मापाडी पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणत, मुसलमान मापाडी ‘बरकत’ म्हणत, आणि शेतकऱ्याला दोन्ही चालत. एक म्हटलं की रास तिथंच आटायला लागते, अशी सगळ्यांची समजूत. ही समजूत कुठून आली ते कुणी विचारत नाही आणि विचारू पण नये.

फकरूचाचांना हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता. एकोणिसाव्या वर्षी ते हाशिमउस्तादांच्या हाताखाली लागले. काट्यावर पहिलं पोतं चढलं आणि हे बहाद्दर मोठ्या हौसेनं ‘एक’ म्हणून ओरडले. उस्तादांनी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. पोतं खाली उतरवायला लावलं, तोंड सोडून ज्वारी परत राशीवर ओतायला लावली आणि सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. रास बदनापूरकडच्या एका म्हाताऱ्याची होती. त्याचा चेहरा जो पडला तो फकरूचाचांना आज त्रेसष्टाव्या वर्षीही दिसतो. त्या दिवसापासून त्यांच्या जिभेनं तो आकडा टाकलाच. घरात रोट्या मोजतानासुद्धा बरकत, दोन, तीन. त्यांची बायको मैमूना चारचौघांत म्हणायची, आमच्या निकाहाच्या वेळी यांनी मला पण बरकत म्हणून मोजलं, आता दुसरी आणायला मोकळे.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला आणि चाचा घरी बसले. तोवर मोंढ्यात आकडे दाखवणारे विजेचे काटे आले होते, त्यांना पुकारणाऱ्याची फारशी गरजही उरली नव्हती. मुलगा आमेर स्टेशनवर ऑटो चालवतो, सून रुखसार बियाण्याच्या एका कंपनीत बी निवडायला जाते. चाचा दिवसभर दारातल्या ओट्यावर बसून गल्ली सांभाळत. त्यांच्या आयुष्यात आता काही घडायचं बाकी आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आणि तेवढ्यात जानेवारीत नातीच्या शाळेतून बोलावणं आलं.

नात आसिफा, सव्वापाच वर्षांची, मोठ्या गटात. पाठांतरात पोरगी पटाईत. शंभरपर्यंत आकडे असे घडाघड म्हणायची की पाहुण्यांपुढं तिला मुद्दाम उभं करत. पण शाळेतल्या पलक मॅडमनी रुखसारला वेगळंच दाखवलं. टेबलावर बटणांचा ढीग होता. त्यातली पाच दे म्हटलं. आसिफानं मूठभर दिली. तीन दे म्हटलं. तिनं पुन्हा मूठभर दिली. आकडे तिच्या तोंडात होते, हातात नव्हते. मॅडमनी समजुतीनं सांगितलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चाचणी आहे. मागितल्या तेवढ्या वस्तू मोजून देता आल्या तर पहिलीत, नाहीतर आणखी एक वर्ष मोठ्या गटातच. मैत्रिणी पुढं जाणार आणि ही चार वर्षांच्या पोरांत बसणार. आता वर्षभर शंभरपर्यंत पाठ करून घ्यायचं आणि शेवटी बटणं मागायची, या शाळेच्या तऱ्हेला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्याच्या नातीचं नाव यादीतून गळणार असतं त्याला शाळेशी भांडायला सवड नसते.

रुखसार घरी येऊन रडली. आमेर म्हणाला, राहू दे एक वर्ष, काय बिघडतं. चाचांना मात्र हे झोंबलं. अगदी खरं सांगायचं तर आधी त्यांना नातीची काळजी वाटलीच नाही, स्वतःची लाज वाटली. या घरात दखनी बोलतात, मी ते आपल्या मराठीत सांगतो. ते म्हणाले, “मापाड्याची नात हाय ती. तिला गिनती न्हाई येत म्हंजे मंग मोंढ्यात तोंड कसं दाखवू म्या? एप्रिलमंदी ती बराबर मोजून दाखवंल. माझी जिम्मेदारी.”

जिम्मेदारी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा विचका केला. ताटलीत हरभरे घेऊन ते आसिफाला समोर बसवत आणि मोंढ्यातल्या आवाजात विचारत, किती? त्या आवाजानं बैल बिचकायचे, पाच वर्षांची पोर काय टिकणार. चौथ्या दिवशी आजोबांनी हाक मारली तर आसिफा सापडेना. शेवटी ती पाण्याच्या टाकीमागं गुडघ्यात डोकं घालून बसलेली सापडली. फकरूचाचा तिथूनच परत आले. त्यांना फार वाईट वाटलं. आजवर त्यांच्याकडं धावत येणारं हे एकच माणूस घरात होतं.

मैमूनानं ताटली उचलली, हरभरे भिजत घातले आणि एवढंच विचारलं की तुमच्या उस्तादांनी तुम्हाला ताटली घेऊन बसवलं होतं का?

नव्हतं बसवलं. चाचा ओट्यावर बसून ते दिवस आठवू लागले. उस्तादांनी त्यांना मोजायला शिकवलंच नव्हतं, बघायला शिकवलं होतं. पोत्यांची थप्पी रचतात तिची एक पद्धत असते. खालच्या थरात तीन पोती आडवी, दोन उभी, असा पाचाचा थर. त्याच्यावर दुसरा थर उलटा, म्हणजे थप्पी ढासळत नाही. मापाडी थप्पीकडं नुसती नजर टाकतो आणि सांगतो, दहा. वर दोन सुटी दिसली की बारा. बोट लावून मोजणाऱ्या नव्या पोरांना उस्ताद हसायचे. आणि दुपारी काम नसलं की हमालांचे खेळ चालायचे. डोळे बांधून पाठीवर काय ठेवलं ते ओळख, थप्पीतलं कोणतं पोतं हललं ते सांग. चाचांनी गणित म्हणून जे काही मिळवलं ते असं हसण्याखिदळण्यात मिळवलं होतं, आणि नातीला मात्र ते हरभरे घेऊन दरडावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैमूनाकडून जुन्या सलवारी मागून घेतल्या. दोघांनी मिळून तळहाताएवढी चाळीस पोती शिवली, चाचांनी त्यांत वाळू भरली आणि सुतळीनं तोंडं बांधली. अगदी मोंढ्यातल्यासारखी गाठ, ती त्यांनी कुणाला मारू दिली नाही. संध्याकाळी ओट्यावर मोंढा भरला. आसिफा दाराआडून बघत होती. तिला कुणी बोलावलं नाही. शेजारचा सूरज आणि त्याचा भाऊ प्रेम पहिल्यांदा आले, पुठ्ठ्याच्या खोक्याचा ट्रॅक्टर करून माल घेऊन आले. चाचा थप्पी लावू लागले. थोड्या वेळानं आसिफा आली आणि तिनं आजोबांच्या हातातलं पोतं काढून घेतलं.

मग फेब्रुवारी आणि मार्च असे गेले की गल्लीत संध्याकाळी चारनंतर दुसरं काही चालेना. एक पोर शेतकरी, एक हमाल, एक मापाडी, रोज आळीपाळीनं. हमालानं वाकून उभं राहायचं, त्याच्या पाठीवर पोती ठेवायची आणि न बघता त्यानं सांगायचं किती झाली. चूक झाली की पाठीवरची सगळी पोती गडगडत खाली, आणि पोरं लोळून हसत. ‘चोरी’ हा सगळ्यांचा लाडका खेळ. सगळ्यांनी डोळे झाकायचे, चोरानं थप्पीतली दोन-तीन पोती पळवायची, डोळे उघडून बाकीच्यांनी सांगायचं किती गेली. पाचाचा थर मोडलेला दिसला की पोरं बोट न लावता ओरडत, दोन गेली, चाचा, दोन. जी पोरगी बटणांपुढं मूठ उघडून बसत होती ती आता थप्पीकडं तिरका डोळा करून सांगायची, आठ हाय, पाच खाली, तीन वर.  चाचा अशा वेळी उगाच सुतळीच्या गाठी तपासत बसत.

मोजायची सुरुवात चाचाच करून देत. पहिलं पोतं उचलून ते पुकारत, “बरकत.” पुढं सगळी पोरं एका सुरात, दोन, तीन, चार.

आसिफाची मापाडी व्हायची पाळी आली की ती आणखी एक गोष्ट करायची. शेतकऱ्यानं पाच मागितली की ती पाचाचा थर लावायची आणि वर एक पोतं ठेवायची. सहा मागितली की सात द्यायची. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत मोजायची, आणि दर वेळी एक वर. चाचांनी तिला सांगितलेलं होतं की भला मापाडी झुकतं माप देतो, काटा बरोबर झाल्यावर वर मूठभर टाकतो. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं याचा त्यांना कोण अभिमान. समोर किराणा दुकान चालवणारे राधेश्याम पूर्वी मोंढ्यातच होते. चाचा त्यांना मुद्दाम बोलावून दाखवत, बघा, माझ्या नातीचं माप. राधेश्यामही मान डोलावत.

एप्रिल उजाडला. मंगळवारी चाचणी झाली. चाचा दुपारपासून ओट्यावर नवा सदरा घालून बसले होते. रुखसार आसिफाला घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच ते समजले. आसिफा सरळ आत गेली आणि पोत्यांचं खोकं पायानं ढकलून खाटेखाली सारून आली.

रुखसारनं सांगितलं, सात बटणं मागितली, आठ दिली. चार पेन्सिली मागितल्या, पाच दिल्या. तीन खडे मागितले, चार दिले. मॅडमनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. कागदावर लिहिलं, संख्याबोध नाही. शनिवारी दुपारी यादी ऑफिसात जाणार.

 चाचांनी विचारलं, “एकदा तरी कमी दिलं का तिनं?”

“न्हाई अब्बा. दर खेपेला एक जास्त. बराबर एक.”

जुन्या काट्याचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा थोडं जड असतं, त्या फरकाला पासंग म्हणतात. काटाच बिघडलेला असला तर तो कधी जास्त दाखवतो, कधी कमी. पण दर खेपेला तेवढाच फरक पडत असेल तर काटा चांगला आहे, कुणीतरी पासंग काढायला विसरलं आहे. हे चाचांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी खाटेखालचं खोकं ओढलं, आसिफाला मांडीजवळ घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, सात पोती दे मला, पण मनात मोजू नको, मला ऐकू येईल असं मोज.

आसिफानं पहिलं पोतं ठेवलं. “बरकत,” ती म्हणाली. मग दुसरं ठेवलं. “एक.” तिसरं ठेवलं. “दोन.”

सात म्हणून तिनं हात काढला तेव्हा खाली आठ पोती होती. चाचा त्या पोत्यांकडं बघत राहिले. पोरगी चुकलीच नव्हती. शाळेनं तिला शिकवलं होतं की आकडे एकपासून सुरू होतात, आणि आजोबांनी शिकवलं होतं की माप बरकतीपासून सुरू होतं. तिनं दोघांचाही मान ठेवला होता. पोरांच्या घोळक्यात दोन, तीन, चार म्हणताना तिचा आवाज मिसळून जायचा, आणि एकटी असली की ती अशी मोजायची. दोन महिने रोज संध्याकाळी ती त्यांच्या डोळ्यांदेखत एक जास्त देत होती आणि ते राधेश्यामना बोलावून तिचं कौतुक करत होते. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाला घरातला पासंग दिसला नाही. त्यांना आतून फार लागलं. रुखसारला ते म्हणाले, “चूक माझी हाय, बेटा. पोरीला कुणी काही बोलू नका.”

बुधवारी सकाळी ते काठी टेकत शाळेत गेले. पलक मॅडमनी त्यांना वर्गातल्या एका इवल्याशा खुर्चीवर बसवलं, कारण दुसरी नव्हतीच. गुडघे हनुवटीला लागत होते तरी त्यांनी सगळी हकीकत सांगितली, थप्पीपासून बरकतीपर्यंत. माफ करा असं काही म्हणाले नाहीत. पोरीला मोजता येतं, दोष मापाड्याचा आहे, तिला आणखी एकदा विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. मॅडम वयानं त्यांच्या लेकीसारख्या, मारवाडी घरातल्या. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, “आमच्या आजोबांच्या दुकानात लाभ म्हणतात, चाचा. मला कळतंय. पण माझ्या कागदावर लाभाला रकाना नाही. पहिलीच्या वर्गात पण नसेल.” मग थोडा विचार करून त्यांनी सांगितलं की शनिवारी सकाळी नऊ वाजता आणा तिला, यादी जायच्या आत मी परत विचारते.

म्हणजे हातात तीन दिवस.

बुधवारी संध्याकाळी चाचांनी युक्ती काढली. मोजायला मैमूनाला बसवलं. मैमूनानं पहिलं पोतं ठेवून एक म्हटलं, तिला काय त्याचं. आसिफा आजीकडं बघेना, आजोबांकडं, तिच्या दादांकडं बघत राहिली. तिनं आजीला स्पष्ट सांगितलं, “दादा मापाडी हाय. तू न्हाईस.” आणि ती परत बरकतीपासून सुरू झाली.

गुरुवारी चाचांनी स्वतः मोजलं, पण पहिलं पोतं मुकाट ठेवलं. पुढं दोन, तीन, चार. त्यांना वाटलं, यात दोघांचंही भागेल, उस्तादांचंही आणि शाळेचंही. आसिफानं नीट पाहिलं आणि तसंच केलं. पहिलं पोतं मुकाट ठेवलं आणि दुसऱ्यावर म्हणाली, एक.

रात्री जेवताना मैमूनानं त्यांना विचारलं की एवढं काय अडतं? वाळूची पोती आहेत, कुणाची रास थोडीच आटणार आहे? चाचांना हे पटत नव्हतं असं नाही. शाळेच्या खुर्चीत बसल्यापासूनच त्यांना कळून चुकलं होतं की कुणाला काय करावं लागणार आहे. पण ओठांवर तो आकडा आणायला गेलं की तो बदनापूरकडचा म्हातारा समोर उभा राहायचा, आणि पोतं उलटं होऊन सांडणाऱ्या ज्वारीचा आवाज यायचा. लोक याला अडाणीपणा म्हणतील. पण माणूस एखादी गोष्ट चव्वेचाळीस वर्षं पाळतो तेव्हा ती त्याच्या हाडांत गेलेली असते, आणि त्यांना भीती वाटत होती हे त्यांनी मैमूनापाशी कबूल केलं.

शुक्रवारी शाळा सुटून आल्यावर आसिफा ओट्यावर बसली होती. सूरज आणि प्रेम बोलवायला आले तर ती गेली नाही. आजोबांना तिनं विचारलं, बाकीच्या पोरी वरच्या वर्गात जाणार, मंग माझ्या शेजारी कोण बसणार? उत्तराची वाट न बघता ती सुतळीची गाठ सोडत आणि बांधत बसली. गाठ तिला आता आजोबांसारखी जमत होती.

चाचा अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढून आले. त्यांनी खोकं ओट्याच्या मधोमध ठेवलं आणि सगळ्या पोरांना गोळा केलं. काठी भिंतीला लावली. एवढ्या दिवसांत ते बसूनच मोजत होते, त्या दिवशी उभे राहिले, मोंढ्यात राहत तसे, पाय फाकवून. उस्तादांची मनात माफी मागितली. वाकून पहिलं पोतं उचललं आणि छातीत दम भरून, शेवटच्या आडतीपर्यंत जाईल अशा आवाजात पुकारलं,

“एक.”

गल्लीतला एक कुत्रा उठून बसला. समोर राधेश्याम शेंगदाणे तोलत होते, त्यांचा हात तसाच राहिला. गिऱ्हाइकाला तसंच सोडून ते रस्ता ओलांडून आले आणि विचारलं, “फकरूभाई, तब्येत बरी हाय ना?”

“बिलकुल बरी हाय,” चाचा म्हणाले.  राधेश्याम दुकानात परत गेले नाहीत, तिथंच उभे राहिले.

आसिफा आजोबांकडं डोळे फाडून बघत होती. “दादा,” ती म्हणाली, “मंग बरकत कुठं गेली?”

  चाचा म्हणाले, ती काय आकडा हाय का बेटा, ती मालात ऱ्हाती. आसिफाला हे पुरेसं वाटलं नाही. तिनं थोडा विचार केला आणि तोडगा काढला, “मंग मोजून झाल्यावर म्हनू. आधी म्हनलं की लोकांला कळत न्हाई.”

राधेश्याम हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं पोतं तिच्या हातात दिलं. अंधार पडेपर्यंत मोजणं चाललं. पाच मागितली, पाच दिली. नऊ मागितली, नऊ दिली. पण तीनदा मधेच तिच्या तोंडून जुनी सुरुवात आली, आणि दर वेळी चाचांनी पोतं उचलून पुन्हा पुकारलं, एक. चौथ्यांदा पुकारताना त्यांना तो म्हातारा दिसला नाही.

शनिवारी नऊला आमेरनं ऑटोनं दोघांना शाळेत सोडलं. पलक मॅडमनी आसिफाला आत घेतलं. चाचा व्हरांड्यात खिडकीपाशी थांबले. खिडकीतून पोरीची पाठ आणि मॅडमचं टेबल दिसत होतं. मॅडमनी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला आणि सांगितलं, सात दे.

आसिफानं एक बटण उचलून पुढं ठेवलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. खिडकीबाहेर चाचांनी गज धरला. ती मनात मोजत होती. मनात काय म्हणाली ते अल्लाला माहीत. तिनं दुसरं बटण उचललं, थांबली, आणि दोन्ही बटणं परत ढिगात टाकून दिली. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. आसिफा खुर्चीवरून खाली उतरली. पाय फाकवून उभी राहिली. पहिलं बटण उचललं.

“एक,” ती मोंढ्याच्या आवाजात म्हणाली.

शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. आसिफा मोजत राहिली. तीन बटणं आडव्या ओळीत, दोन उभ्या, वर दोन. सात म्हणून ती थांबली. मग तिनं पंजा उघडून त्या बटणांवर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “बरकत.”

मॅडमची पेन्सिल कागदावर होती ती तिथंच राहिली. त्यांनी आसिफाचं मनगट धरून पंजा हळूच वर उचलला आणि आठवं बटण शोधलं. पंजा रिकामा होता, खाली सातच बटणं होती.